आली का?

१

धारूरच्या जमील वायरमनला एकच गाणं येतं आणि तेही दोन शब्दांचं, असं लोक गमतीनं म्हणत. बोर्डापाशी उभं राहायचं, बटण दाबायचं आणि घर दणाणेल अशा आवाजात विचारायचं, "आली का?" दुसऱ्या टोकाला दिव्याखाली घरातलं कुणीतरी उभं असायचं. लाईट लागली की त्यानं ओरडायचं, "आली!" नाही लागली तर, "न्हाई!" पंचवीस वर्षं त्यानं असंच काम केलं. हाताखाली माणूस कधी ठेवला नाही, घरातल्याच कुणालातरी दिव्याखाली उभं केलं की भागायचं. त्याची बायको रहेमतबी सांगायची की हा माणूस झोपेतसुद्धा "आली का" विचारतो, कोण यायची आहे ते मात्र सांगत नाही.

त्या दिवशीचं काम तसं किरकोळ होतं. घाटाखालच्या वस्तीवर जानकीबाईंच्या घरामागच्या अंगणात, भिंतीवर तीन दिवे बसवायचे. घर नवं, स्लॅबचं. मागं शहाबादी फरशी घातलेलं अंगण, एका कडेला मोरी आणि संडास, आणि समोर सिमेंटच्या विटांची पुरुषभर उंच भिंत. भिंतीपलीकडं तुरीचं रान. जानकीबाईंचा मुलगा रामप्रसाद दिवाळी होताच ऊसतोडीला कड्याच्या कारखान्यावर गेलेला. घरी राहिल्या दोघी. मोतीबिंदूनं डोळे गेल्यात जमा झालेली जानकीबाई, आणि आठवा महिना लागलेली सून दीपमाला.

दीपमालेनं त्याला दारातच गाठलं. बारीक अंगाची, मोठ्या डोळ्यांची पोर. हातात कोपरापर्यंत हिरव्या बांगड्या.

"चाचा, आज दिवे लागलेच पायजेत बघा," ती म्हणाली. "परवा हे ट्रॅक्टर घेऊन येणारेत. म्हणले, मागं उजेड झाला तर ऱ्हा हितंच आईपाशी. न्हाई तर चल कोपीवर."

ऊसतोडीची कोपी म्हणजे काय ते जमीलला सांगायला नको होतं. पाचटाची झोपडी, पाणी लांब, दवाखाना त्याहून लांब. आठव्या महिन्यात तिथं जायचं म्हणजे जीव मुठीत धरून. धारूरच्या डॉक्टरीणबाईंनी तर तिला बजावलं होतं की आता हलायचं नाही.

"आन् उजेड कावून लागतोय एवढा? काय हाय मागं?"

"काय न्हाई." तिनं पदर सारखा केला. "दिवेलागणीला मोरीकडं गेलं की भिंतीला कुणीतरी उभं असतंय."

जमीलला हसू आलं, पण त्यानं ते दाखवलं नाही. त्याचीही लेक खुशनुमा वर्षापूर्वी बाळंतपणाला घरी आली होती. पोटात जीव असला की बाईमाणसाला काय काय वाटतं ते त्यानं पाहिलं होतं. "आज लख्ख करून देतो बेटा," तो म्हणाला, "मुंगी चालली तरी दिसंल."

२

दुपारपर्यंत वायर ओढून झाली. मधे एकदा मागच्या दारातून "येऊ का?" असा आवाज आला. तो होता शेजारच्या सुंदरबाईंचा. "या की," जमील, जानकीबाई आणि दीपमाला तिघं एकदमच म्हणाले आणि मग तिघंही हसले. सुंदरबाईंनी तांब्यातलं ताक ओतून दिलं, दोन गोष्टी केल्या आणि रिकामा तांब्या घेऊन त्या खुरपायला निघून गेल्या.

चारच्या सुमारास पहिला दिवा भिंतीवर बसला. बटणांचा बोर्ड पुढं बैठकीत होता. बैठक, मग स्वयंपाकघर, मग मागचं दार. बोर्डापासून अंगण दिसत नसे, ऐकू मात्र यायचं. जमीलनं दीपमालेला दिव्याखाली उभं केलं आणि तो बोर्डापाशी आला.

"आली का?"

"आली," मागून उत्तर आलं.

"बरं," म्हणत त्यानं टेस्टर खिशात घातला आणि बटणाकडं पाहिलं. बटण वर, म्हणजे बंदच होतं. हाक सवयीनं तोंडातून आधीच गेली होती आणि बोट अजून बटणाला लागलंही नव्हतं.

पोर घाई करते, असं त्याला वाटलं. त्यानं बटण दाबलं आणि स्वतः मागं पाहायला गेला. दिवा लागला होता. दिव्याखाली कुणी नव्हतं.

दीपमाला पुढच्या बाजूला, घराच्या कडेच्या बोळात शेळी बांधत होती. शेळी सुटली म्हणून ती बोळातूनच पुढं पळाली होती, जमील बोर्डापाशी पोचायच्या आतच.

"मग 'आली' कोण म्हणलं?"

"मी न्हाई, चाचा."

"मावशी, तुमी म्हणला का?"

जानकीबाई स्वयंपाकघरात अंधाऱ्या कोपऱ्यात लसूण सोलत बसली होती. दिवसा काय आणि रात्री काय, ती स्वतःसाठी लाईट लावत नसे. मला काय करायचीय लाईट, म्हणायची. "मी कशाला म्हणू बाबा," ती म्हणाली. "पर मी बी ऐकलं की. मला वाटलं दीपमालाच हाय."

३

जमील कापऱ्या काळजाचा माणूस नव्हता. पावसात खांबावर चढलेला, मेलेल्या माणसाच्या हातातून तार सोडवलेला. त्यानं बसून विचार केला. कोरी भिंत, मोकळं अंगण, म्हणजे आवाज घुमणार. आपलीच हाक परत आली असणार. त्याला बरं वाटलं, पण घोटभर पाणी प्यायला तेवढ्यातच ते बरं वाटणं संपलं. आवाज घुमून परत येतो तो शेवटाकडून. 'आली का' घुमलं तर 'का' परत येईल. 'आली' कसं येईल? आणि बाईच्या आवाजात कसं येईल?

त्यानं दीपमालेला जवळ, बैठकीत उभं केलं. जानकीबाईला सांगितलं, अजिबात बोलू नका. बटण बंद केलं. बंद आहे हे टेस्टर लावून पाहिलं. मग त्यानं हाक दिली. ही हाक मात्र दणकेबाज निघाली नाही.

"आली का?"

बाहेर शेळी ओरडली.

"आली."

साधा आवाज. भाकरी झाली का विचारल्यावर कुणी 'झाली' म्हणावं तितका साधा. आणि या वेळी तो भिंतीपासून आला नव्हता, मोरीपासून आला होता. मधलं पाच-सात पावलांचं अंतर कापलेलं जमीलच्या कानाला नेमकं कळलं. आयुष्यभर त्यानं याच कानानं काम केलं होतं.

दीपमालेनं त्याच्या शर्टाची बाही धरली होती. तिचे ओठ पांढरे पडले होते. "चाचा, ते रोज बोलत न्हाई," ती म्हणाली. "नुसतं उभं असतंय. आज बोललं."

तो मागं गेला. त्याला जावंसं वाटत नव्हतं, पण पोरीपुढं न जाणं बरं दिसलं नसतं. मोरीत कुणी नव्हतं. संडासचं दार उघडून पाहिलं, रिकामा. शिडी लावून भिंतीपलीकडं डोकावला. तुरीच्या शेंगा वाऱ्यावर खुळखुळत होत्या आणि बांधावर एक कुत्रं झोपलं होतं. कुणी असतं तर कुत्रं असं झोपलं असतं का? हे त्यानं मनाला दोनदा विचारलं.

४

त्या क्षणी सामान उचलून तो निघून गेला असता तर त्याला कुणी नावं ठेवली नसती. पण परवा ट्रॅक्टर येणार होता. दिवे लागले नाहीत तर ही पोर कोपीवर जाणार होती, आणि ते जमीलला पाहवणार नव्हतं. म्हणून तो दुसऱ्या दिव्याच्या भोकासाठी ड्रिल घेऊन भिंतीशी उभा राहिला.

भिंतीवर तळहात टेकवला आणि लगेच काढून घेतला. भिंत कोमट होती.

ही भिंत घराच्या उत्तरेला. घराची सावली दिवसभर तिच्यावर. मार्गशीर्षातलं ऊन तिला शिवतही नव्हतं. त्यानं हात सरकवून पाहिलं. डावीकडं विटा गार, उजवीकडं गार. मधे तेवढा एक पट्टा कोमट, त्याच्या खांद्यापासून खाली गुडघ्यापर्यंत. पाहुणा उठून गेल्यावर खुर्ची लागते तसा.

आत वायर तापली असेल, असं त्यानं मनाशी म्हटलं. पण या भिंतीच्या आत वायर नव्हती. वायर वरून, पट्टीतून नेली होती, आणि ती त्यानंच नेली होती.

दुसरा दिवा बसला. तिसरा बसवताना त्याच्या हातून स्क्रू दोनदा पडला. खाली वाकून तो उचलताना त्यानं पाठ भिंतीकडं केली नाही, आडवा वाकला. एवढ्या वर्षांत तो कुठल्या भिंतीला घाबरला नव्हता. आता घाबरला होता आणि त्याची त्याला लाजही वाटत नव्हती. कधी एकदा हे आटोपतं असं झालं होतं.

५

सूर्य घाटामागं गेला. दीपमालेनं देवापाशी निरांजन लावलं आणि ती बैठकीत बोर्डापाशी येऊन उभी राहिली. जानकीबाई स्वयंपाकघरातच होती. अंगणात कुणीच नव्हतं. जमीलनं या वेळी कुणालाही दिव्याखाली पाठवलं नव्हतं, आणि हाकही द्यायची नाही असं ठरवलं होतं. गुपचूप तीन बटणं दाबायची, बोळातून मागं जाऊन पाहायचं, आणि घर गाठायचं.

त्यानं बटणांवर बोटं ठेवली. तेवढ्यात मागच्या दारातून आवाज आला.

"येऊ का?"

"या," जमील म्हणाला.

तोंडातून शब्द गेला तो गेलाच. आपल्याकडं दारात उभ्या माणसानं 'येऊ का' विचारलं तर 'या' म्हणायला कुणी विचार करत नाही. जीभच म्हणते. सुंदरबाई तांब्या न्यायला आल्या असतील, हे त्याच्या मनात नंतर आलं. आणि सुंदरबाईंचा तांब्या तर दुपारीच परत गेला, हे त्याच्याही नंतर.

दीपमाला त्याच्याकडं पाहत होती. "चाचा," ती म्हणाली, "या कावून म्हणला?"

जमीलनं तिन्ही बटणं दाबली.

स्वयंपाकघरातून मागं जायची दोघांचीही छाती झाली नाही. ते पुढच्या दारानं बाहेर पडले आणि बोळातून अंगणात आले. अंगण लख्ख झालं होतं. फरशीच्या फटीतलं गवतसुद्धा दिसत होतं. भिंत सरळ, पांढरी आणि रिकामी. जमीलनं पुढं होऊन तिला हात लावला. सगळीकडं सारखीच गार होती.

"कुणी न्हाई बघ," तो म्हणाला. "बघ बेटा, कुणी न्हाई आता हितं."

"हितं न्हाई," दीपमाला म्हणाली.

मागच्या दाराच्या चौकटीत उंबऱ्यापर्यंत उजेड पडला होता. त्याच्या आत स्वयंपाकघर काळंकुट्ट. आणि त्या काळोखातून जानकीबाईंचा आवाज आला, मायेनं भरलेला.

"बस गं बाई. दमलीस. किती येळ हुबी हाईस."

६

दीपमालेनं दोन्ही हातांनी पोट धरलं होतं. म्हातारीला आत ठेवून पळणं जमीलला जमण्यासारखं नव्हतं. त्यानं हाक मारली.

"मावशी! जरा बाहीर या. लाईट बगा."

"आले, आले."

दोनदा उत्तर आलं. पहिलं जानकीबाईंचं, घोगरं. दुसरं दीपमालेच्या आवाजात. जमीलनं शेजारी पाहिलं. दीपमालेचे ओठ घट्ट मिटलेले होते, आणि ती मान हलवत होती, मी न्हाई, मी न्हाई.

जानकीबाई एका हातानं चौकट चाचपत बाहेर आली. दुसरा हात तिनं मागं ठेवला होता, अंधारात, कुणाला तरी धरून आणावं तसा. "पायरी हाय हां," ती मागं वळून म्हणाली, "जपून. तुला आता जपाया पायजे."

तिचा मागचा हात उजेडात आला. त्या हातात दुसरा हात होता. जमीलला मनगटापर्यंत दिसला. चार बोटं म्हातारीच्या तळव्यावर मिटलेली, मनगटात हिरव्या बांगड्या, अगदी दीपमालेच्या होत्या तशाच. बोटांवर उजेड पडला आणि चटका बसल्यासारखा तो हात झटकन आत गेला. बांगड्या वाजल्या. मग काही नाही.

"अगं, काय झालं?" जानकीबाई वळली. "कावून मागं गेली? चल की उजेडात."

जमीलनं म्हातारीला दंडाला धरून अंगणात ओढलं. तिला वाटलं हा माणूस बिथरला. "सोडा ओ," ती म्हणत राहिली, "सून आत एकलीच हाय माझी."

तिची सून तिच्यापासून दोन हातांवर उभी होती आणि रडत होती.

७

ती रात्र दीपमालेनं सुंदरबाईंकडं काढली. जानकीबाई काही केल्या घर सोडेना. रामप्रसादला फोन गेला, तो एक दिवस आधीच आला. अंगणात तीन दिवे झगझगत होते. त्यानं ते पाहिले, बायकोकडं पाहिलं, आणि कपाळाला हात लावला. ज्यासाठी दिवे लावले ते भ्या गेलं न्हाई व्हय, म्हणाला. दीपमाला म्हणाली, कोपीवर बाळंत होईन, पण या घरात पाऊल टाकायची न्हाई. रामप्रसाद तिला ट्रॅक्टरवर बसवून घेऊन गेला.

आईनं मात्र निरोप घ्यायला आलेल्या लेकाला सांगितलं की तू जा निवांत, सून हाय माझ्यापाशी. रुसून बोलतेय, असं रामप्रसादला वाटलं. दोन वेळची भाकरी सुंदरबाईंनी द्यायची असं ठरलं.

हे सगळं जमीलला फोनवर कळलं. त्याला फार वाईट वाटलं. त्यानं दिवे लावले होते ते पोरीला त्या घरात राहता यावं म्हणून, आणि ती तर गेलीच. त्याच्या एका शब्दानं गेली. रहेमतबीला त्यानं सांगायचा प्रयत्न केला, पण काय सांगणार? कुणाला तरी या म्हणलो, एवढंच तर झालं होतं.

त्यानं कामावर हाक मारणं सोडून दिलं. बटण दाबायचा आणि स्वतःच चालत पाहून यायचा. लोक विचारत, जमीलभाई, घसा बसला का? तो हो म्हणायचा.

८

बाराव्या दिवशी संध्याकाळी तो दुकानाचं शटर ओढत होता तेव्हा फोन वाजला. जानकीबाईंचं नाव पडद्यावर आलं.

"जमीलभाई, तुमच्या लाईटी लई ब्येस हाईत बरं का," ती म्हणाली. मग तिचा आवाज एकदम खाली आला. "एक इचारायचं व्हतं. तुमी माझ्या सुनंला बगितलं हाय न्हवं? मला दिसत न्हाई म्हणून इचारते. तिला आठवा व्हता ना ओ?"

"व्हता, मावशी."

"आज तिच्या पोटावर हात फिरवला. तेल लावून द्यावं म्हणलं. तर सपाट हाय ओ. काईच न्हाई. म्हणलं, अगं बाळ कुठं हाय? तर म्हणती, जमीलभाईला ठावं हाय. त्यांला इचारा."

जमीलनं शटर अर्ध्यावरच सोडलं. "मावशी, तुमी आधी सुंदरबाईकडं जा. आत्ताच्या आत्ता."

"कशी जाऊ? तिनं हात धरलाय माझा. फोन बी तिनंच लावून दिला. मला कुठं दिसत्यात आकडे?"

फोनमधून बांगड्यांचा बारीक आवाज आला. जमीलला बाकी काही सुचलं नाही. आंधळ्या म्हातारीच्या हातात तो हात होता, आणि तिला खरं सांगून तिथून उठवायची एवढीच घाई त्याला झाली. तो जवळजवळ ओरडलाच.

"ती दीपमाला न्हाई, मावशी! दीपमाला कड्याला हाय! कारखान्याच्या मागं, पाटाच्या कडंच्या तिसऱ्या कोपीत. काल मी बोललोय तिच्याशी. तिचं पोट तिच्यापाशी हाय. सोडा तो हात!"

पलीकडं शांतता पसरली. एखादं माणूस कान देऊन ऐकतं आणि ऐकून झाल्यावर लक्षात ठेवतं, तितका वेळ. मग खुर्ची सरकल्यासारखा आवाज झाला आणि कुठलंतरी दार उघडलं.

"आगं बया," जानकीबाई म्हणाली. तिच्या आवाजात सुटल्याचा आनंद होता. "गेली."

"काय गेली? लाईट गेली?"

"लाईट कशाला जातीय, लाईट हाय. ती गेली. हात सोडून उठली आन् पुढच्या दारानं गेली."

जमीलनं फोन कापला आणि रामप्रसादचा नंबर लावला. पलीकडं रिंग वाजू लागली. धारूरहून कडा म्हणजे मोटारसायकलवर चार तास, घाई केली तर साडेतीन. पायी किती लागतील याचा हिशेब तो करू लागला, आणि मग त्याला आठवलं की त्या दिवशी आवाज भिंतीपासून मोरीपर्यंत सरकला होता, पण मधलं एकही पाऊल त्यानं ऐकलं नव्हतं. रिंग वाजत होती. कुणी उचलत नव्हतं.